चाकांवरच्या घरातला इन्व्हर्टर आणि त्याचे अर्थिंग

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विषय : पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या कॅराव्हॅन व ट्रेलरमधील इन्व्हर्टरचे वायरिंग

गोव्यात आता घरोघरी इन्व्हर्टर आहे. पावसाळ्यात माडाचे चुडत तारेवर पडून वीज गेली की दिवे-पंखे त्याच्यावर चालतात. वर्षानुवर्षांच्या या सवयीमुळे इन्व्हर्टर बसवणे म्हणजे बॅटरीच्या दोन तारा आणि एक प्लग, असा आपला समज झाला आहे. घरात हा समज बहुतेक वेळा निभावून जातो, कारण घराला स्वतःचे अर्थिंग असते आणि वीज खात्याच्या ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, जमिनीशी जोडलेला असतो. ही दोन्ही कामे इन्व्हर्टर बसवणाऱ्याने केलेली नसतात, त्यामुळे आपले काम त्यांच्यावर उभे आहे हे त्याच्या लक्षातही राहत नाही. तोच इन्व्हर्टर त्याच पद्धतीने जीपमागे ओढायच्या ट्रेलरमध्ये बसवला की हे दोन्ही आधार सुटतात. दिवे मात्र पूर्वीसारखेच लागतात, त्यामुळे काही सुटले आहे याची कोणालाच जाणीव होत नाही.

मी विद्युत पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर ओळखीच्या लोकांच्या विनंतीवरून वायरिंग तपासून देतो. मोरजी-हरमलपासून आगोंदपर्यंतच्या किनाऱ्यांवर पूर्वी कॅराव्हॅन दिसायची ती बहुधा परदेशी प्रवाशांची. आता इथल्याच गॅरेजमध्ये ट्रेलर बांधून ते पर्यटकांना भाड्याने देण्याचा व्यवसाय सुरू झाला आहे. त्यात स्थानिक तरुणांनी पैसे आणि कष्ट घातले आहेत, तो वाढावा असे मलाही मनापासून वाटते. म्हणूनच हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

अलीकडे तपासलेल्या एका ट्रेलरचे उदाहरण देतो. मालकाचे वा गॅरेजचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण असेच काम मी इतरत्रही पाहिले आहे. आतली सजावट नीटनेटकी होती. प्रत्येक सॉकेटमधून लाल, काळी आणि हिरवी अशा तीन तारा पट्टीतून ओळीने आणल्या होत्या. लाल आणि काळी तार एमसीबीमधून (प्रवाह जास्त झाला की आपोआप सुटणाऱ्या स्विचमधून) इन्व्हर्टरच्या सॉकेटपर्यंत गेली होती. हिरव्या तारा पलंगाखाली एकत्र पिळल्या होत्या आणि त्यांच्या टोकाला काळी टेप गुंडाळून ती जुडी प्लायवूडच्या फळीवर क्लिप मारून बसवली होती. ती जुडी कशालाच जोडलेली नव्हती. वायरमनला विचारले तेव्हा त्याने सरळपणे उलट विचारले, “जोडणार कशाला? इथे जमीन आहे कुठे?” हा प्रश्न मुळीच वेडगळ नाही. आपण अर्थिंगचा अर्थ कोळसा-मीठ घातलेला खड्डा आणि त्यातली पट्टी एवढाच शिकवला, त्यामुळे खड्डा नसेल तिथे अर्थिंगही नसणार, असे त्याने मानले तर दोष शिकवणाऱ्यांकडे जातो.

त्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. बिघाडाच्या प्रवाहाला जमिनीत जायचे नसते. तो जिथून निघाला त्या स्रोताकडे त्याला परत जायचे असते. घरात स्रोत म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आणि त्याचा न्यूट्रल जमिनीशी जोडलेला असल्यामुळे परतीची एक वाट जमिनीतून जाते. ट्रेलर इन्व्हर्टरवर चालत असताना स्रोत हा इन्व्हर्टरच असतो आणि तो ट्रेलरच्या आतच असतो. मिक्सरची किंवा फ्रिजची फेज, म्हणजे वीज आणणारी तार, त्याच्या पत्र्याला लागली, तर तो प्रवाह इन्व्हर्टरच्या दुसऱ्या टोकाला जाड आणि भरवशाच्या तारेने परत आला पाहिजे, म्हणजे तो एका झटक्यात इतका वाढेल की सुरक्षा साधन तत्काळ सुटेल. ही वाट म्हणजे हिरवी तार आणि ट्रेलरची लोखंडी चासी, म्हणजे खालचा सांगाडा. सर्व सॉकेटच्या हिरव्या तारा, इन्व्हर्टरचे धातूचे कवच, सिंक, गॅसची नळी आणि बाहेरचा अॅल्युमिनियमचा पत्रा हे सर्व चासीला जोडलेले हवे, आणि कोणत्याही सॉकेटच्या अर्थ-छिद्रापासून चासीपर्यंतचा रोध मीटरवर एक ओहमच्या खाली यायला हवा.

काहीजण उपाय म्हणून ट्रेलरशेजारी एक सळई जमिनीत ठोकतात आणि निश्चिंत होतात. आपल्या जांभ्या दगडाच्या कोरड्या जमिनीत अशा हातभर सळईचा रोध शंभर ओहम आला तरी नशीब म्हणायचे. 230 व्होल्टला शंभर ओहममधून फार तर 2.3 अँपिअर प्रवाह वाहील, आणि त्याने 16 अँपिअरचा एमसीबी कधीही सुटणार नाही. शिवाय इन्व्हर्टरचे एकही टोक चासीला जोडलेले नसेल, तर त्या सळईतून परतीची वाट मुळात पूर्णच होत नाही. सळई ठोकण्याला माझा विरोध नाही, पण तिच्यामुळे हिरव्या तारेचे काम झाले असे कोणी समजू नये.

यापुढचा मुद्दा न्यूट्रल आणि अर्थ यांच्या जोडाचा. सगळा घोटाळा इथेच होतो, म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा अशी विनंती आहे. ट्रेलरमध्ये वापरल्या जाणाऱ्या अनेक इन्व्हर्टरची दोन्ही आउटपुट टोके कवचापासून अलग, म्हणजे तरंगती असतात. अशा इन्व्हर्टरच्या पुढे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह गळू लागला की वीज तोडणारा स्विच) बसवला तरी त्याचा उपयोग होत नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सारखा आहे की नाही एवढेच पाहतो. दोन्हींत फरक पडायचा तर काही प्रवाह तिसऱ्या वाटेने स्रोताकडे परतला पाहिजे, आणि न्यूट्रल चासीला जोडलेला नसताना तिसरी वाट अस्तित्वातच नसते. फ्रिजचा पत्रा जिवंत होतो, आरसीसीबी स्वस्थ राहतो.

येथे एक फसवणूक होते, आणि ती वायरमनचीही होते. आरसीसीबीवरचे ‘टी’ बटण दाबले की तो खटकन सुटतो, म्हणून सर्व ठीक आहे असे सांगितले जाते. ते बटण आतल्या आत फेजमधून थोडा प्रवाह एका रोधामार्फत न्यूट्रलकडे वळवते. त्या चाचणीत हिरव्या तारेचा काहीही संबंध येत नाही. हिरवी तार प्लायवूडवर टेप गुंडाळून बसवलेली असली तरी ते बटण काम करतेच. बटणाने आरसीसीबीची यंत्रणा चालते एवढे कळते, अर्थिंग आहे की नाही हे कळत नाही. त्यासाठी सॉकेटमध्ये लावायचे चाचणी-यंत्र हवे, जे फेजमधून अर्थकडे मोजका प्रवाह सोडते आणि आरसीसीबी किती वेळात सुटला ते दाखवते. 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने तेवढ्या प्रवाहाला 300 मिलिसेकंदांच्या आत आणि पाचपट प्रवाहाला 40 मिलिसेकंदांच्या आत सुटले पाहिजे. खिशातल्या निऑन टेस्टरवरही इथे विसंबू नये. तरंगत्या इन्व्हर्टरवर तो कधी दोन्ही छिद्रांत मंद पेटतो, कधी एकातही पेटत नाही.

म्हणून ट्रेलरमध्ये कायमचे वायरिंग आणि अनेक सॉकेट असतील, तर इन्व्हर्टर चालू असताना त्याचा न्यूट्रल चासीला जोडलेला असला पाहिजे. हा जोड आरसीसीबीच्या अलीकडे, म्हणजे इन्व्हर्टरच्या बाजूला, आणि एकाच ठिकाणी असावा. आता याच ट्रेलरला होमस्टेच्या भाटात (माडांच्या बागेत) उभे करून बाहेरची वीज दिली की तोच जोड चुकीचा ठरतो, कारण वीज खात्याचा न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी आधीच जमिनीशी जोडलेला आहे. ट्रेलरमधला जोड तसाच राहिला तर न्यूट्रलचा रोजचा प्रवाह चासीतून आणि हिरव्या तारेतून वाटून जाऊ लागतो. बाहेरच्या पेटीत आरसीसीबी असेल तर तो पुनःपुन्हा सुटतो, मग कंटाळून कोणीतरी तो काढून टाकतो. आणि तो नसेल व न्यूट्रलची तार कुठे तुटली, तर तिचा सारा भार चासी आणि हिरव्या तारेवर येतो. त्यात हिरवी तारही सैल असली, तर चासीच जिवंत होते. म्हणजे इन्व्हर्टरवर असताना जोड हवा आणि बाहेरच्या विजेवर असताना नको. हे काम हाताने करणे धोक्याचे आहे, कारण घाईत ते विसरले जाणारच. चार्जर आणि बदलाचा रिले (एका विजेवरून दुसरीवर आपोआप नेणारा स्विच) एकत्र असलेले चांगल्या प्रतीचे इन्व्हर्टर हा जोड आपोआप लावतात आणि सोडतात. तशी सोय नसेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम बदलणारा दोन पोलांचा चेंजओव्हर स्विच घ्यावा आणि जोड त्याच्या इन्व्हर्टरकडच्या बाजूला ठेवावा. केवळ फेज बदलणारा आणि न्यूट्रल सामाईक ठेवणारा स्विच या कामाला चालत नाही.

मात्र हे वाचून कोणी लगेच तारेचा तुकडा घेऊन न्यूट्रल चासीला जोडू नये. स्वस्तातल्या, ज्यांना बाजारात मॉडिफाइड साइन वेव्ह म्हणतात अशा अनेक इन्व्हर्टरची रचना अशी असते की त्यांची दोन्ही टोके कवचाच्या आणि बॅटरीच्या ऋण टोकाच्या तुलनेत सुमारे निम्म्या व्होल्टेजवर असतात, एक वर तर दुसरे खाली. बॅटरीचे ऋण टोक चासीला जोडलेले असताना अशा इन्व्हर्टरचा न्यूट्रल चासीला लावला, तर तो क्षणात जळतो. न्यूट्रल आणि अर्थ जोडण्याची परवानगी त्या इन्व्हर्टरच्या माहितीपुस्तकात स्पष्ट दिलेली असली पाहिजे. ती नसेल तर तो इन्व्हर्टर ट्रेलरच्या कायमच्या वायरिंगसाठी घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे.

यावर जाणकारांकडून एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. इन्व्हर्टर तरंगता असला तर पहिल्या बिघाडात प्रवाहाला परतीची वाटच नसते, मग शॉकही लागत नाही. असे असताना जोड देऊन आपण होऊन वाट का तयार करावी? लहान, दोनशे-तीनशे वॅटचा इन्व्हर्टर आणि त्याला थेट लावलेला लॅपटॉपचा एक चार्जर, एवढाच मामला असेल तर हे म्हणणे मला मान्य आहे. तिथे काहीही जोडू नये, आहे तसे वापरावे. परंतु चार-पाच सॉकेट, फ्रिज, पाण्याचा पंप आणि स्वयंपाकाची उपकरणे असलेल्या ट्रेलरमध्ये पहिला बिघाड कोणाच्या लक्षात येत नाही, सगळे चालूच राहते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी दुसऱ्या टोकाचा बिघाड दुसऱ्या उपकरणात झाला की एका हातात एक आणि दुसऱ्या हातात दुसरे उपकरण धरणारा माणूसच त्या दोन बिघाडांमधला दुवा बनतो. अशी तरंगती व्यवस्था इस्पितळाच्या शस्त्रक्रियागृहात वापरली जाते, पण तिथे पहिला बिघाड झाल्याची सूचना देणारे यंत्र सतत जागे असते. भाड्याच्या ट्रेलरमध्ये ते कोणी बसवत नाही.

बाहेरच्या विजेबद्दल आणखी थोडे. पुष्कळ ठिकाणी ट्रेलरला वीज दिली जाते ती पडवीतल्या सॉकेटमधून, घरगुती एक्स्टेन्शनने, आणि त्या एक्स्टेन्शनच्या टोकाला बऱ्याचदा दोन पिनांचा प्लग असतो. तिसरी पिन गेली की ट्रेलरची चासी जमिनीपासून पूर्णपणे तुटते, कारण ती रबराच्या टायरांवर उभी असते. मग पावसाने भिजलेल्या अंगणात अनवाणी उभे राहून दाराच्या धातूच्या मुठीला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात. मालक सांगतात की एवढे होतच असते, फार काही नाही. झिणझिण्यांचे कारण बहुधा असे असते की आधुनिक चार्जर, टीव्ही, इंडक्शन चूल यांच्या आत फेज व न्यूट्रलपासून कवचाकडे लहान कपॅसिटर जोडलेले असतात आणि अर्थ नसताना ते संपूर्ण चासीला सुमारे 115 व्होल्टपर्यंत चढवतात. त्यातून वाहणारा प्रवाह अगदी थोडा असतो, हे खरे आहे. परंतु त्याच मुठीवर उद्या खराखुरा बिघाड आला तर तोही सुरुवातीला तसाच वाटेल, हात लावल्याशिवाय दोन्हींतला फरक कळणार नाही, आणि दहा मिलिअँपिअरच्या पुढे प्रवाह गेला की माणसाला पकडलेली वस्तू सोडताही येईनाशी होते. झिणझिण्या आल्या की प्लग काढावा आणि अर्थ तपासल्याशिवाय तो पुन्हा लावू नये. ट्रेलर जीपला जोडलेला असेल तर जोडणीच्या गोळ्यातून जीपचा पत्राही त्याच व्होल्टेजवर येऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे.

कॅराव्हॅन पार्कसाठी आयईसी 60364 या आंतरराष्ट्रीय मानकाचा 708 क्रमांकाचा विभाग आहे आणि कॅराव्हॅनच्या आतल्या वायरिंगसाठी 721 क्रमांकाचा. आपल्याकडे वायरिंगसाठी आयएस 732 आणि अर्थिंगसाठी आयएस 3043 ही मानके आहेतच. पार्कमधल्या प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा, म्हणजे एका ट्रेलरच्या बिघाडाने शेजाऱ्याची वीज जात नाही आणि कोणाचा बिघाड आहे हे लगेच कळते. सॉकेट निळ्या रंगाचे, तीन गोल पिनांचे, 16 अँपिअरचे औद्योगिक प्रकारचे असावे; त्यात प्लग उलटा बसत नाही आणि अर्थची पिन टाळताच येत नाही. ट्रेलरपर्यंतची केबल 2.5 चौरस मिलिमीटरची तीन तारांची, रबरी आवरणाची असावी, आणि ती वापरताना गुंडाळीवरून पूर्ण उलगडलेली असावी, कारण गुंडाळलेल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही. याशिवाय दोन्ही टोकांना नर प्लग असलेली तार करून इन्व्हर्टरची वीज ट्रेलरच्या सॉकेटमध्ये ढकलण्याचा प्रकार मी पाहिला आहे. अशी तार कोणाकडे असेल तर ती आजच कापून टाकावी.

आता बॅटरीच्या बाजूकडे वळतो. बारा व्होल्टला हात लावला तर काही होत नाही, म्हणून या बाजूला कोणी गंभीरपणे घेत नाही. पण आगीचा धोका इथेच आहे. 2000 वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर 12 व्होल्टच्या बॅटरीतून 167 अँपिअर ओढतो, आणि इन्व्हर्टरमधली घट धरली तर 185च्या आसपास. वर उल्लेख केलेल्या ट्रेलरमध्ये या कामासाठी 16 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार होती, जाऊन-येऊन साधारण चार मीटर. हिशेब केला तर तारेतच सुमारे 0.8 व्होल्ट आणि जवळजवळ 150 वॅट खर्च होतात, तेही पलंगाच्या गादीखाली बंद खोक्यात. 70 चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच घट 0.2 व्होल्टच्या आत येते. तार शक्य तितकी आखूड असावी, इन्व्हर्टर बॅटरीच्या जवळ असावा; लांबवर न्यायची असेल तर 230 व्होल्टची बाजू न्यावी.

बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. इन्व्हर्टरच्या आत फ्यूज आहे, हे उत्तर चालत नाही. तो फ्यूज इन्व्हर्टरला वाचवतो. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामधली तार खड्ड्यांच्या रस्त्यावर हादरून चासीच्या धारेवर घासली आणि सोलली गेली, तर तिला वाचवणारे कोणीच नसते. लिथियम बॅटरी अशा वेळी हजारो अँपिअर देऊ शकते. म्हणून फ्यूजही तेवढा प्रवाह खात्रीने तोडणारा, टी वर्गाचा घ्यावा. घरातला एसी एमसीबी इथे वापरू नये. एसीचा प्रवाह सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून त्याची ठिणगी विझते, डीसीला तशी उसंत मिळत नाही. चासीच्या पत्र्यातून जिथे जिथे तार जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारे कडे) बसवावे. काही रुपयांची वस्तू असते आणि तीच राहून जाते.

एक बाब अनुभवी वायरमनकडूनही सुटते. इन्व्हर्टरच्या कवचावर अर्थचा स्क्रू असतो आणि त्याला सर्रास दीड चौरस मिलिमीटरची हिरवी तार लावली जाते, कारण 230 व्होल्टच्या बाजूला तेवढी पुरते. पण इन्व्हर्टरमध्ये बॅटरीची धन तार कवचाला लागली तर बॅटरीचा सगळा प्रवाह याच हिरव्या तारेतून चासीकडे जाणार. दोनशे अँपिअरचा फ्यूज उडण्याआधी ती तारच लाल होऊन जळेल आणि आजूबाजूचे प्लायवूड पेटवेल. ही तार बॅटरीच्या धन तारेपेक्षा फार तर एक माप लहान असावी. बॅटरीचे ऋण टोक चासीला एकाच ठिकाणी जोडावे, तिथला रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि वरून वॅसलिनचा जाड थर द्यावा. आपल्या खाऱ्या वाऱ्यात उघडा जोड एका पावसाळ्यात गंजतो. जोडाचा रोध एक मिलिओहमने वाढला तरी दोनशे अँपिअरला तिथे 40 वॅट उष्णता निर्माण होते, म्हणजे त्या बोल्टवर सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक सतत टेकवून ठेवल्यासारखेच. तारेला लग (बोल्टवर बसणारे टोकाचे धातूचे कडे) बसवताना तो हायड्रॉलिक क्रिंपरने दाबावा. केवळ डाग देऊन बसवलेला लग हादऱ्यांनी तुटतो. कथिल चढवलेली तांब्याची तार मिळाली तर किनाऱ्यावर तीच उत्तम.

तारांच्या रंगांचाही उल्लेख करतो. तरुण मुले परदेशी, विशेषतः अमेरिकी व्हिडिओ पाहून ट्रेलर बांधतात. त्यात शिकण्यासारखे खूप असते. परंतु अमेरिकेत 120 व्होल्ट वीज असते आणि तिथे काळी तार म्हणजे फेज, पांढरी म्हणजे न्यूट्रल. आपल्याकडच्या रूढ पद्धतीत काळी म्हणजे न्यूट्रल, आणि बॅटरीच्या बाजूला काळी म्हणजे ऋण. एकाच खोक्यात या तीनही काळ्या तारा एकत्र आलेल्या मी पाहिल्या आहेत. प्रत्येक तारेच्या टोकावर नाव छापलेली नळी घालावी, रंगावर काहीही सोडू नये.

घरगुती ट्यूब्युलर बॅटरी झोपण्याच्या जागेत ठेवू नये, एवढे थोडक्यात सांगतो. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. तिला बाहेर उघडणारे, वरच्या बाजूला जाळी असलेले स्वतंत्र खोके हवे.

पर्यटन खाते, वाहतूक खाते आणि वीज निरीक्षक यांना माझी विनंती आहे की भाड्याने द्यायच्या प्रत्येक कॅराव्हॅनची आणि ट्रेलरची, मासळी-मटणाच्या आणि आम्लेट-पावाच्या फिरत्या गाड्यांसह, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी परवानाधारक व्यक्तीकडून विद्युत चाचणी करून घेण्याची व्यवस्था व्हावी. त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. ट्रेलर फक्त इन्व्हर्टरवर चालवून एका सॉकेटमध्ये तीन मोजमापे घ्यावीत : फेज ते न्यूट्रल 230 व्होल्ट, फेज ते अर्थ 230 व्होल्ट आणि न्यूट्रल ते अर्थ जवळजवळ शून्य. फेज ते अर्थ निम्म्याच्या आसपास येऊन आकडा हलत राहिला तर न्यूट्रल तरंगता आहे. त्यानंतर चाचणी-यंत्राने आरसीसीबी सुटण्याचा वेळ नोंदवावा, मग बाहेरची वीज देऊन बाहेरच्या पेटीतला आरसीसीबी भारासहित टिकतो का ते पाहावे, आणि शेवटी बॅटरीचे झाकण उघडून फ्यूज डोळ्यांनी बघावा. जाणत्या माणसाला हे सारे करायला अर्धा तास पुरतो.

ट्रेलर बांधणाऱ्या गॅरेजवाल्यांकडेही एक मागणे आहे. न्यूट्रल आणि अर्थचा जोड कुठे आहे, तो कोण लावतो-सोडतो, फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे आहे, हे दाखवणारा वायरिंगचा नकाशा मराठी आणि इंग्रजीत छापून, प्लास्टिकच्या आवरणात घालून, वितरण पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा, म्हणजे गाडी विकली गेली किंवा दुसऱ्या वायरमनच्या हाती पडली तरी त्याला अंदाजाने तारा कापाव्या लागणार नाहीत. ज्यांना असा नकाशा कसा काढावा हे हवे असेल त्यांना तो विनामूल्य काढून देण्यास मी तयार आहे. आपल्या कार्यालयामार्फत निरोप पाठवावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक,
फोंडा, गोवा